‘आधी नीट शिकते, मग फोटो काढते’

पत्र थोडक्यात : साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. वय एकसष्ट, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त. एकसष्टीला बंगळूरच्या लेक-जावयांनी त्यांना कॅननचा आर-५० हा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा, सोबतच्या १८-४५ मिलिमीटरच्या लेन्ससकट, भेट दिला. फोटोंची आवड त्यांना लग्नाआधीपासून. तेव्हा घरात कॅमेरा नव्हता, नंतर सवड नव्हती. आता दोन्ही आहे, पण कॅमेरा मे महिन्यापासून कपाटात आहे. पहिल्या दिवशी सुरू केला तर पडद्यावर लेन्सबद्दल काहीतरी इंग्रजी सूचना आली, आणि बिघडला की काय या भीतीने त्यांनी तो बंदच केला. पुढे भाच्याने सुरू करून दिला. चार-दोन फोटो काढले, पण सुट्टीला आलेल्या तीन वर्षांच्या नातीचे फोटो हलले आणि बाकीचे मोबाइलपेक्षा फिके आले. यजमान म्हणतात, ‘‘मोबाइल काय वाईट आहे?’’ भाचा म्हणतो, ‘‘या लेन्सने काही होत नाही मावशी, पक्ष्यांसाठी मोठी लेन्स घे.’’ गावातल्या एका क्लासची फी पंधरा हजार आहे. लेक दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, ‘‘आई, काय काय काढलंस?’’ आणि या ‘‘काढतेय गं’’ म्हणून वेळ मारून नेतात. दिवाळीला बंगळूरला जायचं आहे, त्याआधी कासची फुलंही बघायची आहेत. प्रश्न असा : क्लास लावून आधी नीट शिकावं, मोठी लेन्स घ्यावी, की ज्याला कळतं अशा कुणाला कॅमेरा देऊन टाकावा?

ताई,

तुम्ही तीन पर्याय लिहिलेत. तिन्हींमध्ये कॅमेरा तुमच्या हातात काही येत नाही, हे लक्षात आलं का? क्लास संपेपर्यंत तो थांबणार, मोठी लेन्स येईपर्यंत थांबणार, नाहीतर दुसऱ्याच्या घरी जाणार. ‘उद्या सकाळी तो गळ्यात अडकवून गच्चीवर जावं का’ हा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. मी त्याचंच उत्तर देणार आहे.

आधी त्या सूचनेचा निकाल लावू, कारण खरं घोडं तिथेच अडलंय. तुमचा कॅमेरा बिघडलेला नव्हता. १८-४५ ही लेन्स पिशवीत कमी जागा घ्यावी म्हणून मिटून बसणारी केली आहे. कॅमेरा सुरू करायचा आणि लेन्सवरचं झूमचं कडं थोडं जोर लावून, १८ चा आकडा खुणेसमोर येईपर्यंत फिरवायचं. लेन्स पुढे सरकते, सूचना जाते. काम झालं की कडं उलट फिरवून ती परत मिटवायची. हे न सांगता कळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे, त्यामुळे स्वतःला बोल लावू नका. आणि हो, मेनूत भाषा बदलायची सोय आहे. मराठी नाही, पण हिंदी आहे.

आता ‘आधी शिकते, मग काढते’ याबद्दल. लेखा विभागात तुम्ही रुजू झालात तेव्हा सगळे नियम, सगळी लेखाशीर्षं पाठ करून गेला नव्हतात. समोर बिल आलं, वरिष्ठांनी त्रुटी काढली, तेव्हा तो नियम डोक्यात बसला तो कायमचा. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडतं ते) म्हणजे काय ते यूट्यूबवर दहा वेळा ऐकलं तरी राहत नाही. नातीचा हललेला फोटो समोर असला की शटरचा वेग एका बैठकीत कळतो. तुमच्याकडे तो हललेला फोटो आहे, म्हणजे पहिल्या धड्याचं साहित्य तयार आहे.

तर तो फोटो का हलला? संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात काढला असणार. तुमची लेन्स झूम न करता एफ ४.५ पर्यंत उघडते आणि पूर्ण झूमला ६.३ पर्यंतच (हा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं तोंड लहान), म्हणजे ती उजेड बेताचाच आत घेते. कॅमेऱ्याने मग उजेड भरून काढायला शटर जास्त वेळ उघडं ठेवलं आणि तेवढ्यात नात सोफ्यावरून उडी मारून गेलीसुद्धा. लेन्सवर ‘आयएस’ लिहिलंय ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, मुलांची नाही. उपाय दोन. घरात फोटो काढायचे ते सकाळी, खिडकीजवळ. आणि वरच्या डायलवर ‘टीव्ही’ अशी अक्षरं आहेत (दूरचित्रवाणीशी संबंध नाही), तिथे डायल आणून वेग १/२५० सेकंद ठेवायचा. बाकीचं कॅमेरा बघतो. आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढेल, फोटोत थोडे दाणे दिसतील. दाणेदार फोटो जपून ठेवता येतो, हललेल्याचं काय करायचं?

यजमानांच्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर द्यायला हवं, कारण त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. मोबाइल एका क्लिकमध्ये पाठोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांत मिसळतो, सावल्या उजळतो, रंग गडद करतो, कडा ठळक करतो आणि मग तुम्हाला दाखवतो. कॅमेरा एरवी एकच फोटो घेतो आणि त्याला फारसा हात लावत नाही. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवले की कॅमेऱ्याचा फिका वाटतो. पावती, औषधाची चिठ्ठी, ताटातली पुरणपोळी, दुपारच्या उन्हातला घोळक्याचा फोटो, यासाठी मोबाइल खरंच पुरतो. तिथे कॅमेरा काढून बसू नका.

पण कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, सुमारे २२ गुणिले १५ मिलिमीटरचा आहे, चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरच्या कित्येक पट मोठा. फोटो ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचा येतो. त्याची १२ गुणिले १८ इंचांची प्रत काढून भिंतीवर लावा, किंवा फोटो टीव्हीवर बघा. चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्या, पैठणीच्या पदरावरची जर, केसांची कड इथे मोबाइल रंगकाम केल्यासारखा दिसायला लागतो. धावणारं मूल, घराजवळच्या देवळात अंधारात उजळलेली समई, मागची गर्दी धूसर करून पुढचा एकच चेहरा, हे कॅमेऱ्याचं काम. तेव्हा यजमानांना सांगा, मोबाइल वाईट नाही, आणि म्हणूनच तो खिशात राहणार आहे.

आता हात घालू. बॅटरी पूर्ण चार्ज करा, तारीख-वेळ लावा. कार्ड ६४ जीबीचं, ज्यावर ‘व्ही ३०’ लिहिलंय असं ओळखीच्या दुकानातून घ्या, आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. पट्टा लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका. पडलेले कॅमेरे बहुतेक पट्टा ‘नंतर लावू’ म्हटलेले असतात.

आणखी एक गोष्ट करायची आहे, ती तुमच्या वयाच्या लोकांना क्वचितच कुणी सांगतं. डोळा लावून बघायच्या व्ह्यूफाइंडरपाशी एक बारीकसा खटका असतो. तो तुमच्या डोळ्यांच्या नंबरासाठी आहे. चष्मा लावून बघणार असाल तर चष्म्यासकट, नसाल तर तसं, आत बघायचं आणि खटका हळूहळू सरकवायचा. बघायचं समोरच्या झाडाकडे नाही, तर व्ह्यूफाइंडरच्या आत खाली जे आकडे दिसतात त्यांच्याकडे. ते ठसठशीत दिसले की थांबायचं. हे न केल्यामुळे ‘सगळं धूसरच दिसतं, मला जमत नाही’ म्हणत कॅमेरा बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत. तुमच्या भाच्याने तो खटका स्वतःच्या डोळ्याला लावून ठेवला असण्याचीही शक्यता आहे!

पहिला आठवडाभर डायल हिरव्या ‘ए प्लस’वर असू द्या. त्यात काही कमीपणा नाही. फोटोंचा दर्जाही फक्त जेपेग ठेवा. रॉ फाइल्सचं (प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फोटोंचं) प्रकरण सहा महिन्यांनी, तेही वाटलं तर. या आठवड्यात शिकायचं एवढंच की बटण अर्धं दाबलं की फोकस होतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. समोर माणूस असेल तर कॅमेरा स्वतः डोळा शोधून त्यावर चौकट आणतो. फुलं, भांडी, दारातली रांगोळी असेल तर पडद्यावर बोट टेकवून ‘इथे’ असं तुम्हीच सांगायचं.

दुसऱ्या आठवड्यात डायल ‘पी’वर आणा आणि एकच गोष्ट वापरायला शिका : उजेडाची पट्टी. पडद्यावर खाली उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत ती दिसते. माझ्या मते नवख्या माणसाला सगळ्यांत जास्त देणारी गोष्ट हीच, आणि क्लासमध्ये ती पाचव्या-सहाव्या तासाला कधीतरी येते. कॅमेऱ्याला पांढरं-काळं काही कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी मध्यम राखाडी उजेडाचं आहे असं धरून तो चालतो. म्हणून मोगऱ्याची ओंजळ मळकी येते आणि लोखंडी कढई राखेसारखी. मोगऱ्याला अधिक १, कढईला उणे १. मिररलेसचा खरा फायदा इथे आहे. जुन्या डीएसएलआरमध्ये आरशातून समोरचं दृश्य दिसायचं आणि फोटो कसा आला ते क्लिक केल्यावर कळायचं. इथे आरसाच नाही. सेन्सरला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं, पट्टी सरकवली की चित्र डोळ्यांदेखत उजळतं किंवा काळवंडतं. चूक आधीच दिसते.

कासला याचा रोकडा उपयोग होईल. पठारावर पांढऱ्या गेंदाचे गालिचे असतात आणि वरून धुकं. दोन्ही पांढरं, म्हणजे कॅमेरा हमखास फसणार. अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एकने सुरुवात करा. सोनकीच्या पिवळ्याला आणि तेरड्याच्या गुलाबीला सहसा काही करावं लागत नाही, उलट ऊन पडलं तर थोडं उणे करा, नाहीतर पाकळ्यांवरचे बारकावे जातात. सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं अगदी जमिनीलगत आणि नखाएवढी. त्यासाठी पडदा बाहेर काढून वर वळवायचा, पायवाटेवरच उभं राहून कॅमेरा खाली धरायचा आणि वरून बघत पडद्याला बोट लावायचं. गुडघे वाचतात, फुलंही वाचतात. तिथे फोटोसाठी फुलांत लोळणारी मंडळी बघितली की कॅमेरे परवान्यावर द्यावेत असं वाटतं. तुमची लेन्स सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, म्हणजे सोनकीचा एखादा झुपका बऱ्यापैकी भरून येईल. सीतेच्या एका आसवाचा नाकडोळ्यांसकट फोटो मात्र या लेन्सकडून मागू नका, त्याला अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लागते. गर्दीच्या शनिवार-रविवारी जाऊ नका. पठारावरच्या प्रवेशाची नोंदणी आधी करूनच निघा. आणि हा कॅमेरा पावसापासून सुरक्षित नाही. हॉटेलात मिळते ती आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी पिशवीत ठेवा, भुरभुर सुरू झाली की कॅमेऱ्यावर चढवायची.

भाच्याच्या मोठ्या लेन्सबद्दल. पक्ष्यांच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही. ४५ मिलिमीटरने झाडावरचा खंड्या म्हणजे फांदीवरचा निळा ठिपका. त्या कामाला कॅननची १००-४०० चांगली आहे, पण तिचं एकटीचं वजन ६३५ ग्रॅम. तुमची बॉडी बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम आणि लेन्स १३० ग्रॅम, मिळून ५०५. म्हणजे जो कॅमेरा हलका म्हणून लेकीने निवडला, तो एका खरेदीत बरोबर दुप्पट जड होणार. मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात पक्षी फक्त भाच्याच्या वाक्यात आहेत. तुमच्या वाक्यांत नात आहे, कासची फुलं आहेत, आणि ‘आईच्या हातचे जुने तांब्या-पितळेचे डबे अजून वापरात आहेत’ असं एक ओझरतं वाक्य आहे. मग लेन्स कुणाच्या हौसेची घ्यायची?

पुढेमागे एखादी घ्यायचीच झाली तर ५० मिलिमीटर एफ १.८ घ्या. १६० ग्रॅमची आहे आणि कॅननच्या या मालिकेतल्या स्वस्त लेन्सपैकी एक. तुमच्या लेन्सच्या पूर्ण झूमच्या मानाने ती सुमारे बारापट उजेड आत घेते. संध्याकाळच्या खोलीत नात स्थिर येईल ती हिच्याने. एकच अडचण, या कॅमेऱ्यावर ती मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या ८० मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे दृश्य अरुंद दिसतं आणि छोट्या खोलीत भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे जावं लागतं. ते नको असेल तर २८ मिलिमीटर एफ २.८ ही चपटी, १२० ग्रॅमची लेन्स. उजेड तिच्या निम्म्याहून कमी घेते, पण घरात वावरायला सोयीची. तोवर १८-४५ मध्ये काय अडतंय ते स्वतःच्या फोटोंतून कळू द्या.

क्लासला माझा विरोध नाही, घाईला आहे. काही महिन्यांनी स्वतःचे फसलेले फोटो घेऊन जा. फी भरण्याआधी विचारा : बाहेर नेऊन सराव करून घेता का, आणि आमचे फोटो बघून एकेकाला सांगता का? दोन्हींना ‘हो’ असेल तर पंधरा हजारांचा विचार करता येईल. नुसते प्रोजेक्टरवरचे धडे असतील तर ते फुकट मिळतात.

देऊन टाकण्याचंही बोलू, ते टाळायला नको. प्रामाणिकपणे महिनाभर वापरलात आणि मन रमलं नाही, तर खुशाल द्या. आवड असायलाच हवी असं काही नाही आणि भेट ही सक्ती नसते. फक्त भीतीपोटी देऊ नका. आणि लेकीला ‘काढतेय गं’ सांगणं या रविवारपासून बंद करा. तिला खरं सांगा की सूचना बघून घाबरले आणि ठेवून दिला. ती हसेल, कदाचित थोडी हळहळेलही की देताना शेजारी बसून दाखवायला हवं होतं. मग एक फोटो पाठवा, कसाही आलेला. कॅननचं कॅमेरा कनेक्ट हे अ‍ॅप मोबाइलवर घेतलं की वाय-फायने फोटो कॅमेऱ्यातून मोबाइलवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात.

हे सगळं राहू द्या, पण एक काम आजच करा. मे ते ऑगस्ट, साताऱ्याचा पाऊस आणि बंद लोखंडी कपाट ही लेन्सला बुरशी लागायची पूर्ण तयारी आहे. पंखा बंद करा, बॉडीचं तोंड खाली धरून लेन्स काढा, बॉडीला लगेच तिचं झाकण लावा. मग लेन्सच्या एका बाजूने मोबाइलची टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर स्वतः पुसायला जाऊ नका, अधिकृत सेवा केंद्रात द्या. काही दिसलं नाही तर सुटलात. यापुढे कापडी पिशवीत, चामड्याच्या कव्हरात किंवा साड्यांच्या घडीत ठेवायचा नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ आत जातं. आणि आठवड्यातून एक-दोनदा कॅमेरा उजेडात, हवेत काढा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा शिवत नाही.

दिवाळीसाठी दोन गोष्टी. पणत्यांसमोर फ्लॅश बंद ठेवा, नातीला पणतीच्या जवळ पण जरा बाजूला बसवा, ओढणी-परकर सांभाळून, आणि आयएसओ वाढला तर वाढू द्या. दुसरं, एक जादा बॅटरी घ्या, एलपी-ई १७ नावाची. विमानाने गेलात तर जादा बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. रेल्वेने गेलात तर कॅमेऱ्याची पिशवी सीटखाली सरकवू नका, उशाला घ्या.